गाईडच्या आधी पुस्तक : इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या छात्राध्यापकांसाठी

बी.एड.ला इंग्रजी ही अध्यापन पद्धती घेतलेले बहुतेक छात्राध्यापक व्याकरणाचा पाठ बऱ्यापैकी निभावून नेतात. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्ययं यांना नियम असतात आणि नियम फळ्यावर मांडता येतात. कवितेचा पाठ आला की तेच छात्राध्यापक एक ओळ वाचतात, तिचा मराठी किंवा हिंदी अर्थ सांगतात, पुढची ओळ वाचतात आणि तास संपवतात. पाठटाचणात ‘रसग्रहण’ हे उद्दिष्ट लिहिलेलं असतं, पण वर्गात त्याला जागा मिळत नाही. ज्याने स्वतः कवितेचा रस घेतलेला नाही, त्याने तो मुलांना द्यायचा कुठून?

गोंदिया जिल्ह्यात बी.एड. करणाऱ्या, किंवा बी.ए., एम.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेऊन शिक्षक व्हायचं ठरवलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. साहित्य अवघड वाटतं, याचा अर्थ तुमच्यात बुद्धी कमी आहे असा मुळीच नाही. अडचणी खऱ्या आहेत, त्यांना कारणं आहेत आणि त्यांवर उपायही आहेत.

अडचण नेमकी कुठे आहे?

तुमच्यापैकी अनेकांचं शिक्षण मराठी किंवा हिंदी माध्यमातून झालं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली, पण ती बहुतेक ठिकाणी तासापुरतीच राहिली. घरी पोवारी, झाडीबोली, गोंडी, छत्तीसगढी नाहीतर हिंदी. बाजारात हिंदी, शाळेत मराठी. इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा.

मग बी.ए.ला थेट शेक्सपिअर, वर्ड्‌स्वर्थ, हार्डी समोर येतात. मूळ पुस्तक जड जातं, परीक्षा तोंडावर असते आणि बसस्थानकाजवळच्या दुकानात गाईड मिळतं. कादंबरी न वाचता कादंबरीवरचा पंधरा गुणांचा प्रश्न सोडवता येतो, हे एकदा कळलं की वाचन मागे पडतं. पुढे बी.एड. येतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा केला आणि त्यात वीस आठवड्यांचा छात्रसेवाकाल ठेवला. पण बी.एड. कसं शिकवायचं ते शिकवतं. साहित्य तुम्ही वाचलेलंच आहे, असं ते गृहीत धरतं. ‘आशययुक्त अध्यापन’ या विषयातला आशयच अशा रीतीने कोरा राहतो. बी.ए. आणि वर्ग यांच्यामधली ही पोकळी कोणत्याही प्रश्नपत्रिकेत दिसत नाही. ती तुमची तुम्हालाच भरून काढावी लागेल.

क्रम उलटा करा

आज तुमचा क्रम साधारण असा असतो: आधी सारांश, मग टीपा, वेळ उरला तर मूळ पुस्तक. तो उलटा करा. साहित्यकृती आधी, तिच्याविषयीचं सगळं नंतर. गाईड फेकून द्या असं मी म्हणत नाही. पहिल्या वाचनानंतर ते उघडलं तर ते तुमचं बोलणं तपासायला मदत करतं. आधी उघडलं तर ते तुमच्या वतीने बोलायला लागतं.

एखादी कथा किंवा कविता तीनदा वाचा. पहिलं वाचन सलग, शब्दकोश न उघडता. शब्द अडले तरी पुढे जा. संपल्यावर वहीत तुमच्या घरच्या भाषेत चार-पाच ओळी लिहा: काय घडलं, कोण आवडलं, कुठे गोंधळ झाला. पोवारीत लिहा, झाडीबोलीत लिहा, काही बिघडत नाही. दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. ज्या शब्दांवाचून अर्थ अडतो तेवढेच शब्द कोशात पाहा. तिसरं वाचन मोठ्याने. कविता असेल तर हे वाचन चुकवू नका, कारण कवितेची लय डोळ्यांना दिसत नाही, ती कानाला कळते. उच्चाराची शंका असेल तर लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर प्रताधिकारमुक्त पुस्तकांची मोफत ध्वनिमुद्रणं आहेत. एक परिच्छेद ऐका, मग तोच स्वतः वाचा.

घरच्या भाषेत लिहिलेल्या त्या चार ओळी फार मोलाच्या आहेत. पुढे पाठ घेताना मुलांना कुठे अडेल, याचा सर्वांत खरा अंदाज त्या ओळींतच असतो.

शब्दांचा डोंगर लहान करा

मूळ पुस्तक का वाचवत नाही, याचं उत्तर भाषा-संशोधकांनी मोजून दिलं आहे. पॉल नेशन यांच्या अभ्यासानुसार मजकूर कोणाच्या मदतीशिवाय नीट समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत दोनच अनोळखी. मूळ इंग्रजी कादंबरी त्या सहजतेने वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) यावी लागतात. तुमच्याजवळ तीन हजार असतील आणि तुम्ही हार्डी उघडलात, तर दमछाक होणारच. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

म्हणून पुस्तक निवडताना एक सोपी चाचणी करा. कोणतंही पान उघडा, शंभर शब्द मोजा आणि अनोळखी शब्दांखाली रेघ मारा. दोन-तीन रेघा असतील तर पुस्तक तुमचं आहे. पाच-सहा असतील तर शब्दकोश जवळ ठेवून वाचता येईल. दहा-बारा असतील तर ते सहा महिन्यांनी वाचा. आज त्याच लेखकाचं सोपं रूपांतर घ्या. रूपांतर वाचणं कमीपणाचं नाही. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांच्या अडचणी पाहूनच त्यांनी मोजक्या शब्दांतली वाचनमाला तयार केली. आज जगभर चालणाऱ्या श्रेणीबद्ध वाचनपुस्तकांच्या मुळाशी आपल्याच उपखंडातला हा प्रयोग आहे.

चढण अशी ठेवा. आधी आर. के. नारायण आणि रस्किन बाँड यांच्या कथा, कारण त्यांतली माणसं, बाजार, ऊन-पाऊस ओळखीचे असतात आणि सगळी ताकद भाषेकडे लावता येते. मग ओ. हेन्री. मग कॉनन डॉइलच्या शेरलॉक होम्स कथा. तिथून पुढे एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या कादंबऱ्या. नाटक आणि कविता या सगळ्यांच्या बरोबरीने चालू द्या.

परका संदर्भ: आधी पूल, मग फरक

दुसरी मोठी अडचण संदर्भांची. बारावीच्या २०२० च्या इंग्रजी युवकभारतीतली रॉबर्ट साउदीची ‘द इंचकेप रॉक’ ही कविता घ्या. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळचा, भरतीत पाण्याखाली जाणारा खडक. खलाशांना सावध करायला एका मठाधिपतीने तिथे घंटा बांधली. मत्सराने पेटलेल्या सर राल्फने ती कापून टाकली आणि पुढे धुक्यात त्याचंच जहाज त्या खडकावर फुटलं. गोंदियापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. सालेकसा किंवा देवरीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नसणार, आणि कदाचित तुम्हीही नसेल.

पण पाणी त्यांनी पाहिलं आहे. हा तलावांचा मुलूख. नवेगावबांधचा जलाशय आहे, इटियाडोह आहे, गावोगावी माजी मालगुजारी तलाव आहेत. डोंग्यातून मासे धरणारे ढिवर बांधव त्यांना ठाऊक आहेत. पावसाळ्यात तलाव भरला की पाण्याखाली गेलेलं खोड कुठे आहे, हे नवख्याला कळत नाही. तिथे कोणी खूण म्हणून काठी रोवली आणि कोणी ती खोडसाळपणे उपटली तर काय होईल, असं वर्गाला विचारा. कवितेचा गाभा मुलं स्वतः सांगतील. त्यानंतर फरक दाखवा: भरती-ओहोटी म्हणजे काय, समुद्रातलं धुकं तलावाच्या धुक्यापेक्षा घातक का. त्याच खडकावर १८११ मध्ये दीपगृह उजळलं आणि ते आजही उभं आहे, हेही सांगा. ओळखीच्या गोष्टीवरून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. स्थानिक उदाहरणावरच तास संपला तर मुलांना कविता भेटतच नाही.

त्याच पुस्तकात दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ आहे. चित्रे म्हणजे तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेणारे कवी. रात्रीच्या लोकलमधून थकून परतणारा बाप, घरात त्याच्याशी धड न बोलणारी मुलं. मुंबईची लोकल आपल्याकडे नाही. पण नागपूरहून रात्रीच्या गाडीने गोंदिया स्थानकावर उतरणारी, हातात डबा आणि पिशवी असलेली माणसं आपण रोज पाहतो. धान कापणी झाली की कामासाठी बाहेरगावी जाणारे बापही अनेक घरांत आहेत. ही कविता शिकवताना जपून बोला. वर्गातल्या एखाद्या मुलाचा बाप सध्या हैदराबादला असेल. त्याला उभं करून घरचं विचारू नका. कवितेतल्या बापाबद्दल विचारा. स्वतःचं सांगायचं की नाही, हे त्या मुलाला ठरवू द्या.

नाटक: तुमच्या जिल्ह्याची श्रीमंती

नाटक हा प्रकार छात्राध्यापकांना सर्वांत कोरडा वाटतो, कारण ते नाटक वाचतात, पाहत नाहीत. वास्तविक या बाबतीत तुम्ही पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा पुढे आहात. दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत रंगते, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांत ही रंगभूमी तिकीट काढून नाटक पाहणाऱ्या गावकऱ्यांच्या बळावर उभी आहे. पात्र रंगमंचावर कधी येतं, विनोदी प्रवेश करुण प्रवेशानंतर का ठेवतात, गाणं आलं की कथा थांबते की पुढे सरकते, हे सगळं तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. इंग्रजी नाटकाचा अभ्यास करताना हेच प्रश्न विचारायचे असतात.

अकरावीच्या २०१९ च्या युवकभारतीत लेडी ग्रेगरींच्या ‘द रायझिंग ऑफ द मून’चा भाग आहे. रात्रीची वेळ, धक्क्यावर पहारा देणारा सार्जंट, फरारी क्रांतिकारक आणि त्याने घेतलेलं गाणाऱ्या भटक्याचं सोंग. गाणं ऐकता ऐकता सार्जंटचं मन बदलत जातं. दंडार पाहिलेल्या माणसाला इथे गाण्याचं काम काय आहे, हे समजावून सांगावं लागत नाही. चार मुलांना संवाद वाटून द्या, त्यांना बाकावर उभं राहू द्या, गाण्याच्या जागी त्यांना चाल लावू द्या. एका तासात जे कळेल ते दहा पानांच्या टीपांतून कळणार नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या अगदी दाराशी आहे. आठव्या शतकातला संस्कृत नाटककार भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत विदर्भातलं पद्मपूर हे आपलं गाव सांगतो आणि वा. वि. मिराशींसारख्या संशोधकांनी ते आमगावजवळचं पद्मपूर असल्याचं मत मांडलं आहे. आमगावच्या महाविद्यालयाला त्याचंच नाव आहे. त्याच्या ‘उत्तररामचरित’ या नाटकाच्या पहिल्या अंकात राम आणि सीता स्वतःच्या आयुष्यावरची चित्रं पाहतात आणि भूतकाळ त्यांना पुन्हा हलवून सोडतो. शेवटच्या अंकात तर नाटकातलं नाटक आहे: सीतेच्या त्यागाचा प्रयोग पाहताना हे नाटक आहे याचं भान रामाला राहत नाही आणि तो मूर्च्छित होतो. ‘हॅम्लेट’मध्ये राजाचा गुन्हा उघडा पाडण्यासाठी नाटकातलं नाटक येतं, त्याच्या कित्येक शतकं आधीचं हे लेखन. दोन्ही प्रवेश शेजारी ठेवून वाचा. एका ठिकाणी प्रेक्षकाचा अपराध बाहेर येतो, दुसऱ्या ठिकाणी त्याचं दुःख. हा मुद्दा तुम्ही स्वतः मांडलात तर एम.ए.च्या उत्तरपत्रिकेतही तो उठून दिसेल, कारण तो कोणत्याही गाईडमधून आलेला नसेल.

मराठीचा आधार घ्या, पण परत इंग्रजीकडे या

मराठीतून इंग्रजी साहित्याकडे जाण्याची वाट जुनी आणि मानाची आहे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणला तो १८८३ मध्ये, ‘विकारविलसित’ या नावाने. देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० चा, तो ‘ऑथेल्लो’वरून. शिरवाडकरांच्या १९७० च्या ‘नटसम्राट’मागे ‘किंग लिअर’ची सावली आहे, तर विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ हे भाषांतरच केलं. विंदा स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुलंची १९७५ ची ‘ती फुलराणी’ शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून आली. बोलीवरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजाची ही गोष्ट झाडीबोली किंवा पोवारी बोलणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाने वाचायलाच हवी.

ही मराठी रूपं आधी वाचा. कथानक आणि पात्रं कळली की मूळ भाषेची धास्ती कमी होते. पुढची पायरी मात्र सोडू नका. एक महत्त्वाचा प्रवेश निवडा, मराठी आणि इंग्रजी समोरासमोर ठेवा आणि भाषांतरकाराने काय बदललं, काय सोडलं, काय वाढवलं ते वहीत लिहा. दोन पानांचा असा अभ्यास शंभर पानांच्या सारांशापेक्षा अधिक शिकवतो.

वर्गातही हेच धोरण ठेवा. मुलांना विचार कोणत्याही भाषेत मांडू द्या. ‘द इंचकेप रॉक’ शिकताना एखादी मुलगी पोवारीत म्हणाली की राल्फला त्याच्याच कर्माचं फळ मिळालं, तर ‘इंग्रजीत बोल’ म्हणून तिला गप्प करू नका. तिचाच विचार साध्या इंग्रजी वाक्यात फळ्यावर लिहा, तिच्याकडून वाचून घ्या आणि कवितेतल्या कोणत्या कडव्यावरून तिला तसं वाटलं ते दाखवायला सांगा. विचार तिचा, वाक्य इंग्रजी आणि पुरावा कवितेतला.

परिभाषा शेवटी आणा

उपमा, रूपक, उपरोध, पूर्वसूचना, निवेदकाचा दृष्टिकोन अशा संज्ञांची यादी पाठ करून साहित्य कळत नाही. आधी परिणाम अनुभवा, मग त्याचं नाव शिका. नारायणांची ‘अॅन अॅस्ट्रॉलॉजर्स डे’ पाहा. बाजारात झाडाखाली बसणारा ज्योतिषी, अंधारात आलेला भांडखोर गिऱ्हाईक आणि काडीच्या उजेडात दिसलेला त्याचा चेहरा. शेवटी कळतं की या गिऱ्हाइकाला बऱ्याच वर्षांपूर्वी भोसकून विहिरीत ढकलणारा माणूस हा ज्योतिषीच होता. कथा संपल्यावर मागे जा. ज्योतिष्याने गाव अचानक का सोडलं होतं, हे लेखकाने आधीच कसं सुचवलं आहे ते शोधा. सापडलेल्या जागांखाली रेघ मारा. आता ‘पूर्वसूचना’ ही संज्ञा सांगा. ती जन्मात विसरली जाणार नाही, कारण तिच्यामागे सापडल्याचा आनंद असेल.

छात्रसेवाकालातला एक पाठ

कवितेच्या पस्तीस मिनिटांच्या तासाची आखणी अशी करता येईल. पहिली पाच मिनिटं एका प्रश्नावर, जो कवितेच्या गाभ्याकडे नेईल. कवीच्या जन्मतारखेने सुरुवात करू नका. पुढची पाच मिनिटं तुमचं आदर्श वाचन, मुलांची पुस्तकं बंद. मग पुस्तकं उघडून दुसरं वाचन आणि फक्त चार-पाच अडणारे शब्द. त्यानंतरची पंधरा मिनिटं जोड्यांमध्ये चर्चा, दोनच प्रश्न: इथे काय घडतं आणि ते तुम्हाला कुठे दिसलं? शेवटी मुलांकडून एका कडव्याचं सामूहिक वाचन. प्रश्नोत्तरं आणि रसग्रहणाचा लेखी आराखडा दुसऱ्या तासाला घ्या. गुण मिळवायचे आहेतच, त्याकडे दुर्लक्ष नको. पण ज्याला कविता कळली त्याला रसग्रहणाचे मुद्दे पाठ करावे लागत नाहीत.

निरीक्षक प्राध्यापकांना पाठाआधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगा: मी ओळीचा अर्थ ओळीनंतर सांगणार नाही, चर्चेतून काढणार आहे. पाठटाचणात तसं नोंदवा. कारण दिलं की नव्या पद्धतीला बहुधा विरोध होत नाही.

वेळ आणि पुस्तकं

तिरोड्याहून किंवा अर्जुनी मोरगावहून रोज ये-जा करणाऱ्यांना वेळ कमी असतो, पण प्रवासातला अर्धा तास हा तुमचा वाचनाचा तास होऊ शकतो. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर प्रताधिकार संपलेली पुस्तकं मोफत आहेत. बारावीच्या पुस्तकात ज्यांचे उतारे आहेत त्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि ‘द साइन ऑफ फोर’ या कादंबऱ्या आणि ओ. हेन्रीची ‘द कॉप अँड द अँथम’ ही कथा तिथे पूर्ण मिळतात. भ्रमणध्वनीवर एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. भारताचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही मोफत आहे.

‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ ही व्हर्नची कादंबरी वाचताना त्याच्या प्रवाशांची मुंबईहून निघालेली आगगाडी नकाशावर काढा. ती खानदेश, बऱ्हाणपूरमार्गे पुढे जाते. व्हर्न भारतात कधीच आला नव्हता. त्याने रंगवलेला भारत किती खरा आणि किती ऐकीव, हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. मोठ्या लेखकालाही प्रश्न विचारता येतात, हे मुलांना शिक्षकाकडूनच कळतं.

आणि ‘टू सर, विथ लव्ह’ मिळवून पूर्ण वाचा. त्याचे लेखक ई. आर. ब्रेथवेट हे गयानात जन्मलेले, उच्चशिक्षित अभियंते. रंगामुळे इंग्लंडमध्ये नोकरी नाकारली गेली, म्हणून लंडनच्या ईस्ट एंडमधल्या शाळेत शिक्षक झाले. पहिल्या दिवसांतली त्यांची घालमेल आणि हळूहळू वर्ग जिंकणं, हे छात्राध्यापकाने वाचायला हवं.

वर्गातल्या चार-पाच जणांनी मिळून वाचनगट करा. आठवड्याला एक कथा, शनिवारी एक तास. एकाने वाचून दाखवायचं, प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा, उत्तर पाठातून शोधायचं. नियम एकच: मूळ वाचल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. दोन वर्षांत अशा साठ-सत्तर कथा सहज होतील आणि नेट-सेटची तयारी करायची ठरली तर पाया तयार असेल.

देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या दहावीच्या मुलासोबत इंग्रजी कविता वाचणारं माणूस बहुतेक वेळा एकच असतं, त्याचा इंग्रजीचा शिक्षक. त्या मुलाच्या घरी इंग्रजी पुस्तक नसेल, गावात वाचनालय नसेल. त्याला कविता पहिल्यांदा भेटेल ती तुमच्या आवाजात. म्हणून तुमचा साहित्याचा अभ्यास पदवीपुरता ठेवू नका. या आठवड्यात एक कथा निवडा, सारांश न पाहता शेवटपर्यंत वाचा आणि तुमचं मत तुमच्या भाषेत लिहून काढा. छात्रसेवाकाल सुरू होईपर्यंत अशी दहा मतं तुमच्या वहीत असतील, तर वर्गासमोर तुम्ही स्वतःच्या वाचनाच्या बळावर उभे राहाल.